फेकून दिलेला ठिपका

सकेलारिसकाकांना दुसऱ्यांदा ताप आला, तेव्हा त्यांची मुलगी कलिओपी सिडनीहून आली ती परतीची दोन तिकिटं काढूनच. काकांची भाजीची वाडी विकायची, हे तिने डार्विनच्या विमानतळावरच मला सांगून टाकलं.

"ती माती बाबांना खातेय, थेमेलिना. तुझं यंत्र काय म्हणायचं ते म्हणू दे."

आमच्याकडे पावसाळ्यात चिखलातून वर येणारा एक जंतू आहे. तो फुप्फुसात शिरतो. कधी औषधाने मरतो, कधी नुसता दडी मारून बसतो. काकांना तो काही वर्षांपूर्वी झाला होता. आताचा ताप त्या दडलेल्या जंतूचा असेल, तर औषध लांबवायचं आणि वाडीवरच राहायचं. मातीतून नवा शिरला असेल, तर कलिओपीचं खरं. दोन्ही वेळच्या जंतूंचे जनुकक्रम शेजारी शेजारी ठेवले की उलगडा होणार होता. ते वाचणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा नवं होतं. काका खोकत म्हणाले, "तुझ्या आजोबांनी ग्रीसमध्ये कालिम्नोस बेटावर समुद्राच्या तळातून स्पंज काढले. तू एवढं काढ."

नव्या जंतूच्या जनुकक्रमात शेकडो अक्षरं वेगळी निघाली. माणसाच्या अंगात जंतू बदलतो, पण इतका नाही. आणि परका म्हणावा तर तो पुरेसा दूरही नव्हता. एकाच वाडीतल्या मातीत वाढलेले दोघे भाऊ असावेत तसं दिसत होतं. मग प्रश्न एवढाच उरला, की हा दुसरा भाऊ पहिल्या वेळीच काकांच्या अंगात शिरला होता का?

इथे माझं डोकं फिरलं. पहिल्या तापाच्या वेळी काकांच्या थुंकीतले जंतू ज्या काचेच्या बशीत वाढवले, ती मी पाहिली होती. तिच्यावर जंतूंचे गुळगुळीत ठिपके होते आणि त्यांच्यात थोडे सुरकुतलेले. पण रीत अशी, की एक सुबक, सुटा ठिपका उचलायचा, तोच वाढवायचा, तोच गोठवून ठेवायचा. बाकीची बशी वाफेच्या भट्टीत नष्ट करायची. दोन्ही ठेवा म्हणून मी भांडले, तेव्हा आमचा प्रमुख फर्गस म्हणाला होता, "एक रोगी, एक जंतू. तुला काय जत्रा भरवायचीय?" सगळे हसले होते.

आता त्याच फर्गसने अहवालावर सही केली: निष्कर्ष काढता येत नाही.

मी काकांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. कलिओपी भांडी गुंडाळत होती.

"सुरकुतलेला तू डोळ्यांनी पाहिलास ना?" काकांनी विचारलं.

"पाहिला. पण तो हाच, हे कसं सांगू? सुरकुत्या कुणालाही पडतात."

"म्हणजे एवढं मोठं यंत्र आणून तुम्ही 'असेल' म्हणता. 'असेल' तर आमची म्हातारी कॉफीच्या कपातला गाळ बघूनही सांगायची."

"झालं?" कलिओपी म्हणाली. "चला, बाबा, बूट घाला."

ते गेले; खात्री नव्हती म्हणून डॉक्टरांनी औषधही लांबवलं. आता आमच्या त्या प्रयोगशाळेत बशीवरचं सगळंच खरवडून गोठवतात, एकेका रोग्याच्या अंगातली जंतूंची अख्खी भावकी वाचतात. ते ऐकलं की मला आनंद होण्याऐवजी अजून संताप येतो.

काका सिडनीत चौथ्या मजल्यावर पुष्कळ जगले. ताप पुन्हा आला नाही. कलिओपी दर ईस्टरला फोनवर म्हणते, बघ, मातीच होती. मी म्हणते, त्या वेळी औषध लांबवलं म्हणून. मग दोघीही चिडून फोन ठेवतो.