नसलेल्या भिंतीचा दाखला

पॉलीन टॅन्सली जिना चढायला लागली की हॉवर्ड तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून हात पसरून चढायचा. ती पडली तर तो तिला सावरणार होता, की दोघं मिळून खाली येणार होते, हा प्रश्न दोघांनीही कधी काढला नव्हता. घरात न्हाणीघर एकच, आणि तेही वर. त्यामुळे दिवसातून चारपाच वेळा ही मिरवणूक निघायची आणि प्रत्येक वेळी पॉलीन वरच्या कठड्याला धरून म्हणायची, "हा हिवाळा मी इथे काढणार नाही हं."

ग्रँथममधलं हे घर विकायचं आणि मेबलथॉर्पला समुद्राजवळ एक बैठं घर घ्यायचं, असं ठरलं होतं. तिथे जिना नव्हता, आणि पॉलीनची बहीण हिलरी दोन घरं पलीकडे राहत होती. त्या घराच्या मालकाने टॅन्सलींना होकार दिला होता आणि टॅन्सलींच्या घराला एक तरुण जोडपं मिळालं होतं. पण इंग्लंडात घराच्या बाबतीत दिलेला शब्द हा नुसता शब्द असतो. दोन्हीकडच्या वकिलांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत कोणीही सकाळी उठून ‘विचार बदलला’ म्हणू शकतो आणि त्याला जाब विचारता येत नाही. शिवाय हे व्यवहार आगगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडलेले. एक थांबला की सगळे थांबतात.

त्यात जोडप्याच्या वकिलाचे प्रश्न संपत नव्हते. डावीकडचं कुंपण कोणाचं? बॉयलर कधी तपासला? शेजाऱ्यांशी कधी वाद झाला होता का? हॉवर्ड सगळी उत्तरं लिहून देत होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात घालवली होती. नेमकं उत्तर देणं त्याच्या हाडात मुरलेलं होतं. मग प्रश्न आला भिंतीचा. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत जुन्या नकाशात दिसते, घरात दिसत नाही. ती पाडली तेव्हा कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, तपासनिसाचा दाखला घेतला होता का?

घेतला नव्हता. ती भिंत पॉलीनच्या चुलतभावाने, टेडने, पाडली होती. वर लोखंडी तुळई घातली, त्यावर गिलावा केला आणि "आता वरून रेल्वे गेली तरी हलायचं नाही" असं म्हणून तो बिअर प्यायला निघून गेला. टेडला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

दुसरा कोणी असता तर त्याने आपल्या वकीलबाईंना विचारलं असतं. हॉवर्डला वाटलं, मिसेस फॅरंटना एवढ्यातेवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा? त्याने सरळ कौन्सिललाच फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. तिने पत्ता विचारला, त्याने पोस्टकोडसकट दिला. तिने भिंतीबद्दल विचारलं, त्याने टेडबद्दलसुद्धा सांगितलं. तिने सगळं टिपून घेतलं आणि आपणहून कळवल्याबद्दल त्याचे आभार मानले. फोन ठेवल्यावर एक काम उरकल्याच्या समाधानात त्याने दोन बिस्किटं खाल्ली.

दोनतीन दिवसांनी मिसेस फॅरंटचा फोन आला. पॉलीनलाही ऐकू यावं म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा केला. वकीलबाई उत्साहात होत्या. भिंतीचं काही अवघड नव्हतं. असं निम्म्या घरांत निघतं. त्यावर एक विमा मिळतो. उद्या कौन्सिलने हरकत घेतली तर नुकसान विमा कंपनी भरून देते. घेणाऱ्यांची बँकही त्यावर खूश होती. चार दिवसांत करार होऊन जातील, असं त्या म्हणाल्या. पॉलीनने डोळे मिटले आणि श्वास सोडला.

"फक्त एक अट असते, मिस्टर टॅन्सली. कौन्सिलशी या भिंतीबद्दल कोणी काही बोललेलं नसावं. बोललं असेल, तर विमा मिळत नाही. तुम्ही कोणाशी बोलला नाहीत ना?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हा सगळा व्यवहार होता, आणि हॉवर्डने मूठ उघडून, वर पोस्टकोडही दिला होता. टेबलापलीकडून पॉलीन त्याच्याकडे बघत होती. तिने नुसती मान हलवली, डावीकडून उजवीकडे, हळू, लहान मुलाला समजावावं तशी. मग आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

हॉवर्डला ‘नाही’ म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता, दोन अक्षरं तर होती.

"मी फोन केला होता," तो म्हणाला. "पत्ताही दिला."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे तुम्ही मला सांगितलं नसतंत तर..." मिसेस फॅरंट म्हणाल्या आणि थांबल्या. "असो. आता मी ऐकलं. ऐकलेलं मला विसरता येत नाही."

पॉलीन त्या दिवशी एवढंच म्हणाली की चर्चमधला पाद्री व्हायचा तो चुकून तिचा नवरा झाला. आणि संध्याकाळी तिने बटाटे करपवले, जे ती कधी करपवत नसे.

आता कौन्सिलकडून मागाहून दाखला काढण्याखेरीज वाट उरली नव्हती. अर्ज झाला. मग वाट बघणं झालं. तपासनीस आला, त्याने छताचा गिलावा फोडायला सांगितला. गिलावा फोडला, तर तो पुन्हा यायला तयार नाही. त्याच्या रजा होत्या. स्वयंपाकघरात सगळीकडे पांढरी धूळ बसली. लोण्यातसुद्धा ती कचकच लागायची. शेवटी एकदा तो आला, शिडीवर चढला, विजेरी फिरवली आणि म्हणाला, "उत्तम काम आहे. कोणी केलं?" टेडची तुळई जशीच्या तशी होती. आपल्या त्या खरेपणाची कोणालाच गरज नव्हती, हे हॉवर्डला तेव्हा कळलं, आणि तो शिडी धरून उभा राहिला.

दाखला आला त्याच आठवड्यात घरांच्या एजंटने मेबलथॉर्पची बातमी दिली. बैठ्या घराच्या मालकाने थांबून थांबून दुसऱ्या कोणाला घर दिलं होतं. त्याचंही चुकलं असं म्हणता येत नव्हतं. इकडे तरुण जोडपं अजून तयार होतं, पण त्यांच्या बँकेने दिलेली मुदत महिनाअखेरीस संपत होती. त्यांना नाही म्हटलं, तर पुन्हा पाटी लावा, पुन्हा कुंपण, पुन्हा बॉयलर.

हॉवर्डने हे सांगितलं तेव्हा पॉलीन जिन्याच्या मध्यावर बसली होती. वर जाण्याचं त्राण नव्हतं आणि खाली येण्याचंही. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"ते झालं बोलून." तिने गुडघा चोळला. "त्या पोरांना घर देऊन टाक."

"आणि आपण राहायचं कुठे?"

"हिलरीकडे. दुसरं घर मिळेपर्यंत. तिची मागची खोली आहे ना, खालच्या मजल्यावरची, न्हाणीघराला लागून."

"पण तिथे हिलरीच झोपते."

"नवरा घोरतो म्हणून झोपते. आता जाईल परत त्याच्याकडे." पॉलीन पहिल्यांदाच जरा हसली, दमलेलं हसू. "खरं बोलायचं तू आणि रात्ररात्र जागायचं तिने. बिचारी."

हॉवर्ड उठला, फोन आणला आणि चष्मा शोधू लागला.

"मी आधी हिलरीला विचारू का, की तू विचारतेस?"

"हॉवर्ड," पॉलीन म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी कोणाला न विचारता काहीतरी कर."

करार करून टाका, असं सांगायला त्याने मिसेस फॅरंटचा नंबर फिरवला.