बन्सीरावांचं मेंटेनन्स

बन्सीराव चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. बंद पडलेलं मशीन चालू करण्यात त्यांना फारशी कर्तबगारी वाटायची नाही. ते बंदच पडू नये याची काळजी घेणं, हे त्यांच्या मते खरं काम. २०१३ च्या मार्चमध्ये ते रिटायर झाले आणि एप्रिल लागेपर्यंत घरातल्या सगळ्या कड्या-बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. मग ते नुसते बसून राहू लागले, आणि त्यांच्या बसण्याचा त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, फार जाच होऊ लागला.

त्या साली दुष्काळही मोठा होता. मुकुंदवाडीत त्यांच्या गल्लीत नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. कूलरमध्ये ओतायला पाणी कुठलं? तो कोरडाच उभा होता आणि मुक्ताबाई त्याच्यावर घड्या केलेले कपडे ठेवायच्या. घरामागं, जिथं पूर्वी ज्वारीचं रान होतं, तिथं तीन बिल्डिंगा एकदम वर येत होत्या. दिवसभर माती उडायची. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं.

त्याच टेबलावर कंप्युटर होता. त्यांची मुलगी करुणा त्याच्यावर पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची. मोठा मुलगा अभय आता पुण्याला नोकरीत. त्यानंच पाच वर्षांपूर्वी कॉलेजात असताना हे मशीन घेतलं होतं. या उन्हाळ्यात ते इतकं मंदावलं की करुणा बटण दाबून आंघोळीला जायची, येऊन चहा प्यायची, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ हलायचं नाही. अक्षर दाबलं की जरा विचार करून उमटायचं. आतल्या पंख्याची घरघर तर अशी, की शेजारी बसून फोनवर बोलता येईना. अभयनं पुण्याहून सांगून टाकलं की तो डबा आता भंगारात द्या.

भंगार हा शब्द बन्सीरावांना लागला. कारखान्यात त्यांच्या हाताखाली त्यांच्या लग्नाच्याही आधीचा एक लेथ होता आणि तो अजून रोज चालत होता.

"पाच वर्षांत कोणतं मशीन म्हातारं व्हतं गं?" ते करुणाला म्हणाले. "शेवटचं उघडलं कधी ह्याला?"

"उघडायचं असतं का?" करुणानं विचारलं.

बन्सीरावांना तेवढं पुरे होतं. पण करुणा लगेच हात लावू देईना. तिच्याकडं सांडू सरांचं काम होतं. हे सर कन्नडच्या एका शाळेत शिक्षक. तालुक्यातल्या आठवडी बाजारांवर तीनशे पानांचा प्रबंध त्यांनी लिहिला होता आणि मेअखेर तो विद्यापीठात द्यायचा होता. शेवटी असं ठरलं, की शुक्रवारी सकाळी लाइट नसते, तेव्हा काय ते करावं.

शुक्रवारी त्यांनी प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी चिकटवली, डबा अंगणात आणला आणि झाकण काढलं. आत धुळीची गोधडी पसरली होती. पंख्याची पाती तर दिसतच नव्हती.

"ह्याला श्वासच घेता येईना," बन्सीराव म्हणाले, "तर पळणार कसा?"

रंगाच्या कोऱ्या ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं त्यांनी दोन तास धूळ काढली. नंबराप्रमाणे वायरी जोडल्या. लाइट आल्यावर करुणानं बटण दाबलं, तर मशीननं तीनदा शिट्टी मारली आणि पडदा काळाच राहिला.

मुक्ताबाईंनी बन्सीरावांचं ताट वाढून ठेवलं. ते जेवले नाहीत. आपला हात कुठं कुठं लागला, हे ते डोळे मिटून पहिल्यापासून आठवत बसले. एक हिरवी पट्टी खालची धूळ काढायला त्यांनी उपसली होती. त्यांनी ती पुन्हा काढली. तिचे सोनेरी दात काळवंडले होते. करुणाच्या खोडरबरानं ते हलके घासले आणि दोन्ही बाजूंच्या कड्या कट्‌कन लागेपर्यंत पट्टी दाबून बसवली. या वेळी मशीन सुरू झालं. पंखा इतका गुमान फिरत होता, की मुक्ताबाईंनी येऊन विचारलं, चालू आहे का बंद?

काम करताना ते आता पळायला लागलं, पण सुरू व्हायला अजून वेळ घेत होतं. बन्सीरावांनी करुणाला समजावलं, की कारखान्यात सकाळी सगळी मशीनं एकदम चालू केली की मेन स्विच पडतो, म्हणून एकेक चालू करतात. इथं बटण दाबल्याबरोबर काय काय उठतं, ते बघ. करुणानं यादी उघडली तर बावीस नावं निघाली. त्यांत अभयचे जुने गप्पांचे प्रोग्राम होते, खेळ होते, आणि व्हायरस पकडणारे दोन पहारेकरी एकमेकांवरच नजर ठेवून होते. एक पहारेकरी तिनं ठेवला, बाकी बहुतेकांना झोपवलं. अभयनं साठवलेल्या सिनेमांनी डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. ते पुसायला तो फोनवर अर्धा तास तयार नव्हता, पण करुणानं तो बोलत असतानाच पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी चहा उकळायच्या आत मशीन तयार होतं.

मग बन्सीरावांनी भिंतीवर तक्ता लावला. दर रविवारी बाहेरून ब्रश, आतला फालतू कचरा साफ. महिन्याच्या एक तारखेला झाकण काढायचं. मुक्ताबाईंनी तक्ता वाचला आणि छताच्या पंख्याकडं बघितलं. त्या रविवारी बन्सीरावांनी तोही पुसला.

मेच्या मध्यावर ते टेबलाजवळ पेपर वाचत होते. मधेच त्यांनी मान वर केली. करुणाला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी डब्यावर तळवा ठेवला, मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक डब्याला आणि मूठ कानाला लावली, जसं ते बेअरिंग तपासताना लावायचे.

"आत कायतरी टकटक करतंय," ते म्हणाले. "नवं हाय हे. आजच सामान हलव."

करुणाची चाळीस पानं राहिली होती. ती चिडली, पण तिनं सगळे प्रबंध पेनड्राइव्हवर घेतले.

"आन् हत्यारं?" बन्सीरावांनी विचारलं. "काम घेतलं, हत्यारं नाय घेतली, तर तिकडं करणार काय?"

हत्यारं म्हणजे मराठी टायपिंगचे फाँट, हे करुणाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तेही तिनं घेतले, आणि मग रोज टाइप केलेली पानंही घेत गेली.

बुधवारी डिस्क गेली. नुसती टकटक, बाकी काही नाही. दोघं जाऊन नवी डिस्क घेऊन आले. अभयनं फोनवर एकेक पायरी सांगितली. बन्सीरावांनी ती बसवली आणि करुणानं पेनड्राइव्हवरून प्रबंध आणि फाँट परत आत आणले. काम दोन दिवस थांबलं, पण पान एकही गेलं नाही. पुढच्या सोमवारी सांडू सर कन्नडहून एसटीनं आले. करुणानं त्यांना झालेला प्रकार सांगितला. सात वर्षांचं काम होतं ते. मग त्यांनी बन्सीरावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि ऋणनिर्देशात एक ओळ वाढवायला करुणाला सांगितली.

तिनं टाइप केलं: 'यंत्राची देखभाल – श्री. बन्सीराव, माजी मेंटेनन्स फिटर.'

बन्सीराव चष्मा लावून पडद्याजवळ वाकले.

"माजी तेवढं काढ," ते म्हणाले.

सर हसले, करुणानं शब्द काढला आणि छापायला दिलं. जूनपासून बन्सीराव रविवारी सकाळी घरी सापडेनासे झाले. गल्लीत सात घरी कंप्युटर होते आणि सगळ्यांच्या पोटात धूळ होती. ब्रश आणि पंप घेऊन ते बाहेर पडले, की मुक्ताबाई त्यांच्या खुर्चीवर ऐसपैस बसून फोनवर बोलायच्या.