पूजेला ठेवलेलं रजिस्टर

आज सांगून खरं वाटायचं नाही, पण अठ्ठ्याऐंशी साली रत्नागिरीत कुठल्या कचेरीत कॉम्प्युटर आला, की माणसं चपला बाहेर काढून तो बघायला जात. बंदराजवळच्या एका मच्छीमार संघात तो आला, तेव्हा सामानाची खोली रिकामी करून रंगवली आणि तिला थंड हवेचं यंत्र बसवलं. गुणवंतीबाई त्याच कचेरीत एकोणीस वर्षं टाइप करत होत्या. त्यांच्या डोक्यावरचा खडखडणारा पंखा तीन अर्ज करूनही बदलला नव्हता.

थंड खोलीची किल्ली मिळाली दमयंतीला. वय तेवीस, मुंबईला तीन महिने शिकून आलेली. काचेपलीकडे ती हसायची ते दिसायचं, ऐकू यायचं नाही. कशाला हसत असेल, या विचारानेच गुणवंतीबाईंचं टाइपिंग चुकायचं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तर कहर झाला. दरवर्षी कचेरीत पहिलं हळदकुंकू टाइपरायटरला लागे, आणि ते लावत गुणवंतीबाई. या वेळी मॅनेजर सुर्वे पूजेचं ताट घेऊन थेट थंड खोलीत शिरले. टाइपरायटरच्या वाट्याला उरलेलं कुंकू आणि पाकळ्या गळालेला झेंडू आला.

"आज हत्याराला हात लावायचा नाही ना," दमयंती सगळ्यांना सांगत होती, "म्हणून मी होड्यांच्या रजिस्टरला मशीनच्या आतून कुलूप घातलंय. ते ज्या कप्प्यात असतं, त्या कप्प्यालाही. वाचता येईल, पण लिहायची परवानगी नाही. घरी आपण पुस्तकं पूजेला ठेवतो तसं!"

"हुशार हो पोर," सुर्वे म्हणाले. एकोणीस वर्षांत हे शब्द त्यांनी गुणवंतीबाईंसाठी कधी काढले नव्हते.

दसरा झाला, कचेरी उघडली आणि मशीन अडून बसलं. नवी नोंद घेईचना. रोज सकाळी प्रिंटरमधून चुकांचा लांबलचक कागद निघे. सगळ्या ओळी सारख्या, परवानगी नाही असं सांगणाऱ्या. नोंदीशिवाय डिझेलची चिठ्ठी नाही, म्हणून खिडकीवर होड्या चालवणाऱ्या तांडेलांची गर्दी.

"काय गो बाय," भिकाजी तांडेल ओरडला, "माझी होडी धक्क्याला बांधलेली हाय. तुला दिसते, मला दिसते, नि तुझ्या मशिनलाच दिसत नाय?"

"मी रजिस्टरचं कुलूप कचेरी उघडल्याबरोबर काढलंय हो," दमयंती रडवेली होऊन सांगे. दहादा बघे, रजिस्टर उघडंच असे. मुंबईहून माणूस आला, खाऱ्या हवेला नावं ठेवून एक भाग बदलून गेला. दुसऱ्या दिवशी तोच कागद.

"शनिवारपर्यंत चाललं नाही, तर मशीन परत," सुर्व्यांनी जाहीर केलं. "रजिस्टर पूर्वीसारखं गुणवंतीबाई टाइप करतील."

गुणवंतीबाईंनी त्याच दुपारी टाइपरायटरला तेल दिलं.

चुकांचे ते कागद भोकं पाडून फाइलला लावायचं काम त्यांच्याकडेच होतं. टाइपिस्टची नजर शब्द वाचत नाही, अक्षरं मोजते. गुरुवारी कागद लावताना त्यांचा हात थांबला. होड्यांच्या रजिस्टरचं मशीनमधलं नाव आठ अक्षरी होतं. चुकांच्या प्रत्येक ओळीतल्या नावात मात्र पाचच अक्षरं होती. ते नाव कप्प्याचं होतं. पोरीने पूजेला दोन कुलपं घातली आणि एकच काढलं!

गुरुवारी त्या गप्प बसल्या, शुक्रवारीही. करायचं काहीच नव्हतं, फक्त बोलायचं नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांनी टाइपरायटरला नवी रिबन चढवली.

थंड खोलीच्या दारात सगळे जमले. दमयंतीचे डोळे सुजलेले. सुर्वे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा काय दोष? तू शिकलेली, हुशार. मशीनच खराब निघालं."

ते मात्र गुणवंतीबाईंच्याने ऐकवेना. मशीन जाणार आणि हिची हुशारी तेवढी इथे राहणार!

"मशीन चांगलं धडधाकट आहे!" त्या कडाडल्या. "हिनेच खंडेनवमीला दोन कुलपं घातली. रजिस्टरचं काढलं, कप्प्याचं विसरली. कागदावर रोज छापून येतंय, पण वाचतंय कोण?"

दमयंती कपाळावर हात मारून आत धावली. अर्धं मिनिट लागलं असेल. प्रिंटर करकरला आणि पहिली चिठ्ठी बाहेर आली. खिडकीबाहेर भिकाजीने टाळी वाजवली.

दमयंती अनवाणीच बाहेर आली आणि गुणवंतीबाईंच्या गळ्यात पडली. "बाई, तुम्ही होतात म्हणून! मला आयुष्यात सुचलं नसतं."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

"वा, गुणवंतीबाई!" सुर्वे खूश होते. मग शिपायाकडे वळून म्हणाले, "बाबल्या, तो टाइपरायटर आता माळ्यावर टाक. लागायचा नाही."

दमयंती डोळे पुसत पुन्हा खोलीत गेली. तिच्या पिवळ्या पातळावर, पाठीवर, नव्या रिबनच्या शाईची चार काळी बोटं उमटली होती. काचेतून ती बोटं स्पष्ट दिसत होती. गुणवंतीबाईंनी ती दिवसभर पाहिली आणि या खेपेला मात्र तोंड उघडलं नाही.