उंबरावरचा भुंगेरा

बाबांना जाऊन तीन महिने झाले, तेव्हा शेजारचे विलासदादा फोटो घेऊन आले. आमच्या बांधावरच्या आंब्याला खोड पोखरणारी भिरूड लागली आहे, झाड तोडावं लागेल, असं त्यांचं म्हणणं.

त्या आंब्याच्या आळ्यात आम्ही बाबांची रक्षा मिसळली होती. ते दादांना ठाऊक होतं. त्यांच्या मागच्या जमिनीत बंगल्यांचे प्लॉट पडायचे होते आणि रस्त्याच्या आड नेमका तो आंबा येत होता, हे मलाही ठाऊक होतं.

"बगा की. तुमच्या आंब्यावर घावला."

किडा दाखवायचा तर लोक डबीत भरून आणतात. दादांनी पौडला जाऊन फोटो धुऊन आणला होता.

मी संगणक लावला. बाबांनी इथे कासार आंबोलीत राहायला आल्यापासून लांबशिंगी भुंगेऱ्यांचे फोटो काढून ठेवले होते. करडं अंग, मानेवर दोन तांबूस ठिपके, अंगापेक्षा लांब मिशा. किडा तोच, आंबा पोखरणारा.

"पटलं न्हवं? उद्या मानसं लावतो. तुमाला तरास न्हाई."

घाई मला आवडली नाही. किडा ओळखला की फोटो संपला असं समजू नये, तो कशावर बसलाय तेही पाहावं, असं बाबा म्हणत. मी फोटो खिडकीशी नेला. एका कोपऱ्यात थेट खोडातून फुटलेला हिरव्या फळांचा घोस होता.

"दादा, आंब्याला खोडावर फळं कधीपासून धरायला लागली?"

ते हसले. "फोटो बगून झाडं बी वळखाय लागल्या व्हय?"

"हा तुमच्या विहिरीवरचा उंबर आहे."

"आसंल. पर त्यो किडा उडतोय, ताई. आज माझ्याकडं, उद्या तुमच्याकडं."

"मग उंबर तोडा."

"दत्ताचं झाड हाय ते. कोन हात लावंल?"

"आणि हे माझ्या वडिलांचं."

दादांनी फोटोसाठी हात पुढे केला.

"हा राहू दे. आंब्याला कुणी कुऱ्हाड लावली तर दाखवायला होईल."

"आमच्यावर इस्वास न्हाई तुमचा."

मी नाही म्हटलं नाही. ते गेल्यावर मी आंब्याच्या बुंध्याभोवती बोटं फिरवत गेले. कुठे किड्यानं पोखरल्याचा भुसा नव्हता. तरीही पुन्हा एकदा सगळी साल चाचपली.