आटपाडीची गाडी

गाडी घ्यायची म्हटलं की घरातल्या ज्याला त्याला अक्कल फुटते. ज्यांनी आयुष्यात सायकलची चेन बसवली नाही, ते इंजिनावर बोलायला लागतात. समीक्षाच्या घरी तेच झालं. चुलते म्हणाले, पोरीच्या जातीला स्कूटी बरी. आई म्हणाली, लाल नको, लाल गाडी पोलीस अडवतात. आणि आटपाडीकडच्या एका बँकेत कामाला असलेला तिचा मावसभाऊ जयराज फोनवरून रोज एका नव्या गाडीचा फोटो पाठवायचा, खाली लिहायचा, "लय भारी पिकअप."

समीक्षाला पिकअप नको होता. तिला सकाळी सातला सातारला पोचायचं होतं, बस्स. एका लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली होती. घर मेढ्याच्या वरच्या अंगाला, आणि पहिली एसटी म्हणजे देवाची मर्जी. तीन महिने बघू, मग कायम करू, असं लॅबच्या वल्लरी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इथे माणसं रात्रीपासून उपाशी येतात. उपाशी माणसाला आपला उशीर कळत नाही." पहिल्या पंधरवड्यातच एसटीनं तिला दोनदा तोंडघशी पाडलं. मॅडम ओरडल्या नाहीत. नुसतं घड्याळाकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्कूटीचं तिनं मनातून काढून टाकलं. "तिचं चाक बारकं असतंय, काका. आपल्या रस्त्यातल्या खड्ड्यात गेलं तर वर यायचं नाही." मोटारसायकल ती बारावीतच शिकली होती, शेतातल्या वाटेवर, कुणाला न विचारता. राहिला प्रश्न पैशाचा. आईचा भिशीचा नंबर लागला होता, तेवढ्यात बसेल ती गाडी.

सातारच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. "एकच मालक, ताई, डॉक्टरसाहेब होते, घर ते दवाखाना." सातारला एवढे डॉक्टर असते तर कुणी आजारीच पडलं नसतं. शिवाय डॉक्टरांच्या गाड्या भिशीत बसत नव्हत्या, आणि ज्या बसत होत्या त्या धूर सोडत होत्या.

मग एके दिवशी जयराजचा फोन आला. "एक गाडी हाय बघ. किंमत लय कमी. पण म्हातारी जरा येडी हाय. येईल त्याला गाव विचारती आणि न्हाई म्हणती."

"का?"

"ते मला काय ठावं? तू ये तर खरी."

एसटी बदलत ती आटपाडीला पोचली तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गावाबाहेर धरणग्रस्तांची वसाहत, सरळ रेषेत बांधलेली घरं, दारात एकेक कडुनिंब. गोदावरीकाकू ओट्यावरच बसल्या होत्या. पाठीत वाकलेल्या, कपाळ मोकळं, डोळे मात्र असे तरतरीत की समोरच्याला पदर सावरावासा वाटावा. गाडी शेडमध्ये उभी होती. काळी, जुनी, पण पुसून ठेवलेली. जयराजनं किक मारली. एका किकमध्ये चालू.

"कुठल्या गावची गं तू?" काकूंनी विचारलं.

"मेढ्याच्या वरची. रोज सातारला जायचंय कामाला."

काकूंचा मांडी चोळणारा हात तिथंच थांबला. "धरणाच्या कडंकडंनं जातीस?"

"दुसरा रस्ताच नाही."

म्हातारीनं एकदा शेडमधल्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "ने. गाडी तुझी."

जयराज भाव करायला पुढे सरसावला, तर काकूंनीच सांगितलेली किंमत आणखी खाली आणली. तो बिचारा उगाच तोंड उघडून उभा राहिला. "गाडी आमच्या मालकांची," काकू म्हणाल्या. "हरीबा नाव त्यांचं. पण चालवली कधी न्हाई हो. पुतण्या चालवायचा, ह्ये मागं बसायचं. दोन वर्सं झाली त्यांना जाऊन. कागद माझ्या नावावर हाईत, सही कुठं करू सांग."

निघताना त्यांनी समीक्षाकडून गाडीला हळदकुंकू लावून घेतलं, मागच्या सीटवर एक पांढरा टॉवेल घडी घालून ठेवला. "ऱ्हाऊ दे, काढू नगंस. बसायला बरं पडतं." आणि भाकरी-ठेचा बांधून दिला. जयराजनं वाटेत गाठोडं सोडलं तर दोघांसाठी तीन वाटण्या, वेगवेगळ्या कागदात. त्याला हिशेब कळला नाही, पण भूक कळत होती. त्यानं दोन खाल्ल्या. नंतर विट्यापर्यंत त्याचं पोट दुखत होतं.

बँकेच्या कामासाठी तो विट्यात उतरला. उतरल्यावर वाकून मागच्या चाकाकडे बघत राहिला.

"आता काय झालं?"

"मी उतरलो तरी गाडी बसलेलीच हाय की गं. मागनं वर आली न्हाई. शॉकअप गेल्यात बघ. तरीच स्वस्तात दिली म्हातारीनं."

समीक्षानं आरशातून बघितलं. मागे नुसता रस्ता होता आणि पांढरा टॉवेल.

सातारला मतीन मिस्त्रीकडे गाडी दाखवली. त्यानं मागची सीट दोन्ही हातांनी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "ताई, शॉकअप एकदम ओके आहेत." मग ती गाडीवर बसली, निघाली, तशी त्यानं मागून हाक मारली, "ओ ताई! थांबा जरा!" ती थांबली. तो जवळ आला, मागे वाकून बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काही नाही. जावा तुम्ही." पैसे मात्र घेतले नाहीत. मिस्त्री पैसे घेत नाही तेव्हा माणसानं काळजी करावी.

तरी गाडी पळायची छान. चढाला जरा दमायची, एवढंच. दोन माणसं असल्यासारखी. समीक्षा रोज रात्री मागची पायदानं वर दुमडून ठेवायची आणि रोज पहाटे ती खाली उघडलेली असायची. ती स्वतःला म्हणायची, स्प्रिंग सैल झालीय. माणूस किती गोष्टी स्प्रिंगवर ढकलतो!

सुताराची आक्का रोज फाट्यावर उभी असायची, मेढ्यापर्यंत कुणीही सोडेल म्हणून. एका सकाळी समीक्षाला बघून तिनं हात वर केला. समीक्षानं गाडी हळू केली. आक्कानं हात खाली घेतला.

"बस की आक्का."

"नगं बाई. तुझ्यामागं बसलंय की कोण तरी. तिघंजण कशाला, पोलीस धरतील." आणि ती मागच्या एसटीची वाट बघायला वळली, अगदी सहज. समीक्षानं घाईनं गिअर टाकला. तिनं मागे वळून बघितलं नाही. आरशात बघायचंही तिनं टाळलं.

त्याच आठवड्यात गाडी बंद पडायला लागली. धरणाच्या कडेला एक वाळकी चिंच आहे, तिच्याखालून एक कच्ची वाट पाण्याकडे उतरते. नेमकं तिथं. पेट्रोल असे, प्लग साफ असे, पण चिंचेपाशी आली की इंजिन गप्प. किक मारून पाय सुजावा, आणि बऱ्याच वेळानं आपोआप चालू व्हावी. लॅबमध्ये पुन्हा उशीर झाला. पुन्हा झाला. मग वल्लरी मॅडमनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं.

"समीक्षा, तुझा हात हलका आहे. लहान पोरंसुद्धा तुझ्याकडून रक्त काढून घेतात. पण आता एकदा उशीर झाला तर मी दुसरी मुलगी घेणार. मला वाईट वाटेल, पण घेणार."

ती बाहेर आली आणि जिन्यात बसून तिनं आटपाडीला फोन लावला.

"काकू, गाडी धरणापाशी बंद पडते."

"चिंचंपाशी?" काकूंनी विचारलं.

"होय."

"मग बरोबर थांबतीया. ती आमच्या गावाची वाट. गाव पाण्याखाली गेलं तवा आमाला हिकडं आणून टाकलं. त्यांनी गाडी त्याच्यासाठीच घेतली हुती, गावाकडं जायला. पुतण्या आज नेतो, उद्या नेतो म्हणत ऱ्हायला."

"आवं काकू, मग आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

समीक्षाला राग आला होता, पण म्हाताऱ्या बाईवर तो किती वेळ टिकतो?

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. चिंच दिसायच्या आधीच गाडी आचके द्यायला लागली. समीक्षानं हँडल घट्ट धरलं आणि रस्त्याकडे बघतच बोलायला लागली, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशी.

"आबा, ऐका माझं. आज थांबलात तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली तर गाडी विकावी लागेल, आणि मग तुम्हाला कोण नेणार? आता मला जाऊ द्या. संध्याकाळी येताना तुम्हाला खाली सोडते. आईची शपथ."

गाडीनं एक आचका दिला. मग मागून कुणीतरी बूड हलवून नीट बसावं तसं वजन सरकलं, आणि इंजिन साफ आवाजात चालू राहिलं. ती सातच्या आत पोचली. त्या दिवशी तिनं एकदाही सुई चुकवली नाही, पण संध्याकाळ जवळ यायला लागली तशी ती घड्याळाकडे बघायचं टाळू लागली.

शपथ मोडून दुसऱ्या कुणाच्या गाडीवरून घरी जाता आलं असतं. पण पहाटे पुन्हा तीच चिंच होती.

ऊन कलल्यावर ती कच्च्या वाटेनं खाली उतरली. उन्हाळ्यानं पाणी पार खाली गेलं होतं. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि त्यातून घरांची जोती वर आली होती, एक फुटकं जातं, देवळाच्या पायऱ्या, अर्धी विहीर. माणूस सोडा, पाखरूही नव्हतं. पायऱ्यांपाशी तिनं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"आलं तुमचं गाव, आबा."

गाडी मागून हळूच वर उचलली गेली. गुडघे दुखणारा माणूस उतरतो तशी, आधी एका बाजूला कलून. मग ती इतकी हलकी झाली की समीक्षाला रडू आलं.

आणि मागून एका बाईचा आवाज आला, "कोण आलंया गं?"

"हरी आला! आपला हरी!"

समोर चिखल आणि पाणी. आरशात मात्र दारोदार दिवे लागले होते. चुलीच्या धुराचा वास आला. त्यात गुळाच्या चहाचा, सुंठ घातलेल्या.

"आणि सोडायला कोण आलीया? आवं, पोरगी एवढ्या लांबनं आली, तिला च्या घेतल्याबिगर सोडू नगा!"

आता आपल्याकडच्या पोरींना काय शिकवलेलं असतं? माणूस घरी पोचवायला गेलं की दारातून परत फिरू नये. यजमान एकदा म्हणाला की घोटभर का होईना, तोंडात घालावं, नाहीतर त्या घराचा अपमान. समीक्षाचा हात स्वतःहून चावीकडे गेला आणि चावी फिरली. इंजिन बंद झालं. तिचा डावा पाय स्टँड लावायलाही लागला होता. स्टँड चिखलात रुतला, गाडी कलली, आणि त्या धक्क्यानं ती भानावर आली. पावलं जवळ येत होती. कपबशीचा आवाज अगदी कानापाशी होता.

मान न वळवता ती म्हणाली, जे आपण सगळेच म्हणतो. "आज राहू द्या. अंधार पडतोय, आई वाट बघत असेल. पुढच्या खेपेला नक्की घेते."

पावलं थांबली. कुणीतरी समाधानानं हसलं. "मग ठरलं हां. पुढच्या खेपेला."

गाडी एका किकमध्ये चालू झाली. घरी पोचेपर्यंत तिनं गिअर बदलला की नाही, तिला आठवत नाही.

रात्री काकूंचा फोन. "पोचलं का?"

"पोचले, काकू. सगळे भेटले त्यांना."

म्हातारी जरा वेळ रडली. मग एकदम रडू थांबवून म्हणाली, "तुला कुणी काय खायाप्यायाला दिलं?"

"चहा घे म्हणाले."

"घेतलास?" आवाज चिरकला होता.

"नाही. पुढच्या वेळी घेते म्हटलं."

पलीकडे काकू महिने मोजल्यासारखं काहीतरी पुटपुटल्या.

"बरं," काकू म्हणाल्या. "एकदा पाऊस लागून धरण भरलं की पाणी उतरंस्तवर काळजी न्हाई."

पाऊस झाला, धरण भरलं, चिंचेच्या बुंध्याला पाणी लागलं. गाडी एकदाही बंद पडली नाही. समीक्षा कायम झाली. वल्लरी मॅडमनी पेढे वाटले. जयराज म्हणाला, "बघ, गाडी कुणी शोधली?" नवी घ्यायची तर अजून दोन वर्षं थांबावं लागणार होतं, आणि सातारला जायला रस्ता तोच एक.

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं, तसा तिनं एक निश्चय केला. चहा सोडला. नुसता सोडला नाही, गावभर सांगितलं. कुणाच्या घरी गेली की उंबऱ्यातूनच म्हणायची, "मी चहा घेत नाही हं, अजिबात नाही." आक्का म्हणाली, नोकरी लागली तशी शिष्ट झाली. धरणाच्या कडेनं जातानाही ती हेल्मेटच्या आतून मोठ्यानं म्हणायची, मी चहा घेत नाही. जो पीतच नाही, त्याला आग्रह कोण आणि कसा करणार?

माघात एका संध्याकाळी आटपाडीहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. पाऊसपाणी, काकूंचे गुडघे, जयराजचं लग्न. मग काकूंनी आवाज हळू केला.

"तू च्या सोडलास म्हणं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काल ह्ये सपनात आलं हुतं. बरं हाय त्यांचं तिकडं. म्हणत हुतं, पोरीला सांग, लाजू नगं. तिच्यासाठी दूध ठेवलंया."