रांजणाचा जुळा भाऊ

"कुणाला पटायचं न्हाई, पण ह्या रांजणाचा जुळा भाऊ परदेशात हाय," म्हातारा ग्यानबा म्हणाला आणि जेसीबीच्या दातांसमोर रांजणाला पाठ टेकून बसला.

बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांकडे वळणाऱ्या त्या तिठ्याचं बारसं नुकतंच 'मैत्री चौक' असं झालं होतं. मैत्री कुठल्याशा परदेशी शहराशी होती. त्या शहराचं नाव ग्यानबाच्या कवळीत अडकायचं, म्हणून तो नुसतं 'तिकडलं गाव' म्हणे. फरशी बसली, कारंजं उभं राहिलं. आड येत होता फक्त राजूबाईचा रांजण, अर्धा जमिनीत पुरलेला, शेजारी गुळाचा डबा. पाळीला जाणारे कामगार तिथं थांबत. सासूनं घालून दिलेला नेम राजूबाई पाळत आली होती : आधी हातावर गुळाचा खडा, मग पाणी, आणि पाणी पिऊन झाल्याबिगर कुणाला नाव विचारायचं नाही.

तिकडल्या गावचे पाहुणे यायच्या आत रांजण उचलायचा, असं इंजिनिअर शिवराजला वरून बजावलं होतं. कारंज्याशेजारी नळ देतो, असं त्यानं राजूबाईला सांगून पाहिलं. नळ हातावर गूळ ठेवतो का, एवढंच तिनं विचारलं आणि ती पुन्हा पेला घासायला लागली.

"उठा की अप्पा. कामून माझ्या नोकरीवर उठलाव?" शिवराज म्हणाला.

ग्यानबा उठला नाही. उलट त्यानं गोष्टीला खतपाणी घातलं. तिकडल्या गावातही म्हणे बीदरच्या नावाचा चौक आहे आणि मधोमध हाच रांजण, एकाच कुंभारानं एकाच भट्टीत भाजलेला. निजामाच्या काळी आगगाडीनं गेला, पुढं जहाजानं, वाटेत थेंब सांडला नाही. तिथला महापौर रोज त्याला हळदकुंकू वाहतो. इकडच्याला टवका गेला की तिकडचा रात्रभर पाझरतो.

शिवराज हसला. मग त्याचं हसू हळूहळू कमी झालं. तिकडून येणाऱ्या पाहुणीनं ह्या रांजणाबद्दल खरंच विचारलं तर? त्यानं ड्रायव्हरला हात केला. जेसीबी बंद झाला, आणि तेवढ्यात गाड्या आल्याच.

पाहुणी उंच होती, पिकल्या केसांची, उन्हानं लालबुंद झालेली. सोबत दुभाषी चैत्रा. शिवराज हार घेऊन पुढं झाला आणि पाहुणीचं नाव, हुद्दा घोकल्यासारखं म्हणायला लागला.

"थांब रं," राजूबाई म्हणाली. "तिला आधी पानी तरी पिऊ दे."

तिनं पाहुणीच्या तळहातावर गूळ ठेवला. बाईनं तो चघळला, पेला एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.

शिवराजला धीर आला. तुमच्या चौकातल्या रांजणाचा हा जुळा भाऊ, म्हणून आम्ही मुद्दाम राखलाय, असं सांगायला त्यानं चैत्राला पुढं केलं. ग्यानबाला राहवलं नाही. तिकडचा केवढा आहे ते दाखवायला त्यानं दोन्ही हात फाकले.

"त्ये नगं सांगू, पोरी," राजूबाई म्हणाली. "म्हातारा खोटं बोलायलाय."

ग्यानबाचे हात तसेच हवेत राहिले.

"ह्याला भाऊ-बिऊ कुटंच न्हाई. ह्यो एकलाच हाय, माझ्या सासूचा, आन् हितनं हलायचा न्हाई. तेवढं सांग तिला." तिनं दुसरा पेला भरून पाहुणीच्या हाती दिला, ती पिईपर्यंत थांबली. "आन् आता इचार, नाव काय बाई तुझं."