चारशे खुंट्या

कॉलेजच्या सुतारमामांनी त्या सोमवारी फळ्यावर जी नोटीस ठोकली, ती हेल्मेटवरची अकरावी. आधीच्या दहाही त्यांनीच ठोकल्या होत्या आणि दहाही पालथ्या घड्यावर पाणी ठरल्या होत्या. पण या अकरावीला दात होते. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी फाटकावर मोजणी होणार. सायकलवरून येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर तरी हेल्मेट दिसलं नाही, तर पुढच्या सोमवारपासून सगळ्या सायकली फाटकाबाहेर. खाली प्राचार्यांची सही.

खरं तर मामा होते एकाच मुलीचे, दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आणि त्यांच्याच घरी राहणाऱ्या भाचीचे. पण वर्कशॉपच्या दारातून ती "मामाऽऽ" अशी हाळी द्यायची, की बघता बघता अख्खं कॉलेज त्यांना मामा म्हणायला लागलं. वर्कशॉप लायब्ररीच्या उताराच्या पायथ्याशी. रोज संध्याकाळी सव्वापाचला उतारावर तिच्या सायकलची घंटा वाजायची, आणि मामांच्या हातातला रंधा थांबायचा. ती वाऱ्यासारखी समोरून जाईपर्यंत थांबलेलाच असायचा. गेल्या वर्षी याच उतारावर तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा ओल्या पाचोळ्यावरून घसरला होता, त्याचं डोकं फरशीच्या कडेवर आपटलं होतं. त्याला मामांनीच उचललं होतं. पोरगा वाचला, पण तीन महिन्यांनी परत आला तेव्हा स्वतःच्या खोलीचा नंबर लोकांना विचारत फिरत होता.

"डोकं माझं, केस माझे, सायकल माझी!" त्या रात्री जेवताना भाची कडाडली. "आम्ही फलक घेऊन उभे राहणार आहोत. सक्ती नको!"

"सायकल अर्धी माझी आहे," मामा म्हणाले. "चेन मी बसवलीय."

"चेन तुझी. डोकं माझं."

ती उठून गेल्यावर मामी हळूच म्हणाल्या, "अहो, सायकली बंद झाल्या तर बरंच की. पोरगी चालत जाईल. तुमच्या जिवाचा घोर तरी मिटेल."

मामांना क्षणभर ते पटलं. खोटं कशाला बोला? पण मग ते म्हणाले, "उतारावरून येताना तिचं तोंड पाहिलंयस कधी? ते कसं बंद करू?"

दुसऱ्या दिवसापासून मामा दुरुस्तीच्या निमित्ताने कॉलेजभर हिंडू लागले. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते त्यांना बघायचं होतं. पोरांना विचारलं तर कुणी केस म्हणे, कुणी घाम, कुणी स्वातंत्र्य. मामांचा तोंडापेक्षा डोळ्यांवर विश्वास जास्त. त्यांनी पाहिलं, की एका मुलीला लायब्ररीच्या दारातूनच परत पाठवलं, कारण हेल्मेट आत न्यायचं नाही आणि बाहेर ठेवायचं तर ठेवायचं कुठे? एका मुलाचं हेल्मेट तास चालू असताना बाकावरून सुटलं आणि पायऱ्या-पायऱ्यांनी ठणठणत थेट सरांच्या पायाशी गेलं. पाठोपाठ मुलगाही वर्गाबाहेर गेला. कॅन्टीनमध्ये एकजण एका हातात ताट, दुसऱ्या हातात चहा घेऊन उभा होता आणि हेल्मेट त्याने गुडघ्यांत धरलं होतं. असा माणूस उद्या पुन्हा हेल्मेट आणेल कशाला?

मामा घरी आले आणि त्यांनी कपाटामागून भाचीचं हेल्मेट ओढून काढलं. वर्षापूर्वी त्यांनीच घेऊन दिलेलं. जेमतेम नऊ दिवस वापरलेलं.

"खरं सांग. का टाकलंस?"

भाचीने आधी "असंच" म्हणून उडवून लावलं. मग एकदम म्हणाली, "प्रॅक्टिकलला आत नेऊ देत नव्हते. दाराशी जमिनीवर ठेवलं. परत येऊन बघते तर त्यात केळ्याची सालं! सगळे हसले रे मामा. कचऱ्याचा डबा डोक्यावर घालून फिरू?"

मामांना हसू आलं नाही. 'सक्ती नको' ही आरोळी ठोकायला झोकदार. 'ठेवायला जागा नाही' हे ओरडायला कसंतरीच वाटतं. वर्षभर पोरं ओरडत होती एक आणि अडलं होतं दुसरंच.

"हेल्मेट घालायला डोकं आहे तुम्हाला," मामा म्हणाले. "काढल्यावर खुंटी नाही."

दुसऱ्या दिवशी ते भांडारप्रमुखांकडे गेले. या गृहस्थांना सगळे सहीसाहेब म्हणत, कारण सहीशिवाय ते शिंकतसुद्धा नसत. त्यांच्या गोदामात मोडक्या बाकांचा डोंगर होता. एकेका बाकाच्या पायातून तीन-तीन खुंट्या सहज निघाल्या असत्या.

"मिस्त्री, बाक मोडले असतील, पण कागदावर ते अजून बाक आहेत," सहीसाहेब म्हणाले. "बाकाची खुंटी करायची तर अर्ज लागतो. तीन प्रतींत. वर प्राचार्यांची सही."

मामांचा हात रंध्यावर चाले, कागदावर नाही. तोंड पाडून ते परत आले. भाचीने सगळं ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. तिला भांडायला कुणीतरी लागायचंच. इतके दिवस ती चुकीच्या माणसाशी भांडत होती, एवढंच.

रात्रीत तिने तीन प्रती लिहिल्या. सकाळी मामांना ओढत प्राचार्यांच्या खोलीत नेलं.

"तू तर हेल्मेटच्या विरोधात आहेस ना?" प्राचार्य म्हणाले.

"सक्तीच्या, सर. अजूनही आहे. तुम्ही अकरा नोटिसा लावल्यात आणि एक खुंटी लावली नाहीत." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मामांनीच केलेला लाकडी स्टँड होता. "तुमच्या एका टोपीला सहा खुंट्या आहेत. आम्हाला सहाशे जणांना एकही नाही."

मामांनी मनात म्हटलं, गेली आपली नोकरी. प्राचार्यांनी मान वळवून त्या टोपीकडे पाहिलं.

"आणि खुंट्या लावूनही कुणी घातलं नाही तर?"

"तर पहिली सायकल माझी बाहेर लावीन. मग कुणाला दोष देणार नाही."

प्राचार्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली.

हातात होते सतरा दिवस. मामांनी लेथ सुरू केला तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत. पट्टा निसटू नये म्हणून प्रत्येक खुंटीच्या टोकाला गोल बोंड. फळीतलं भोक जरासं कलतं, म्हणजे खुंटीचं नाक वर राहतं आणि टांगलेलं घसरत नाही. या दोन गोष्टी कुठल्या पुस्तकात नाहीत, त्या मामांच्या मनगटात होत्या. भाची आणि तिची फलकवाली सेना कॉलेज सुटलं की पॉलिश पेपर घेऊन बसू लागली. 'सक्ती नको'चे फलक उलटे करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं गेलं, 'खुंटी तयार आहे'. प्रत्येक खुंटीवर भाचीने लाल रंगात नंबर घातला, आणि ज्याने पेपर घासला त्याने आपला नंबर राखून ठेवला. स्वतः घासलेल्या खुंटीवर दुसऱ्याचं हेल्मेट कोण टांगू देईल? गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीच्या दाराशी चारशेवी खुंटी बसली. मामांनी हातोडी खाली ठेवली तेव्हा त्यांची बोटं मिटत नव्हती.

शुक्रवारी फाटकाशी टेबल मांडलं गेलं. वॉचमनपुढे दोन डबे. हेल्मेटला स्क्रू, उघड्या डोक्याला खिळा. दोन्ही अर्थात मामांच्याच पेटीतले. प्राचार्य खुर्चीत, सहीसाहेब मागे हाताची घडी घालून.

आठ वाजता खिळे पुढे. साडेआठला जास्तच पुढे. खणखण खिळे पडत होते आणि दरवेळी मामा रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. नऊ वाजले. भाचीचा पत्ता नव्हता.

"एवढी लाकडं वाया गेली," सहीसाहेब पुटपुटले.

सव्वानऊला रस्त्याच्या वळणावर घंटा वाजली. ती घंटा मामांनी झोपेतही ओळखली असती. पुढे भाची, डोक्यावर तेच वर्षभर कपाटामागे पडलेलं हेल्मेट, आणि तिच्यामागे अख्खं वसतिगृह! लाल, पिवळी, निळी, काळी हेल्मेटं रस्ता भरून येत होती. ही पोरगी पहाटेपासून एकेक दार वाजवत फिरली होती. वॉचमनचा हात पुरेना, तो मुठीने स्क्रू उचलू लागला. कॅन्टीनमध्ये गुडघ्यांत हेल्मेट धरणारा तो मुलगा जाता जाता ओरडला, "मामा, माझी खुंटी एकशे बारा!"

मोजणी झाली. खिळे दोनशे अठ्ठ्याण्णव. स्क्रू तीनशे एकेचाळीस.

"पुन्हा मोजा," सहीसाहेब म्हणाले.

पुन्हा मोजलं. टेबलाखाली पडलेला आणखी एक स्क्रू सापडला. तीनशे बेचाळीस! पोरांनी असा गलका केला की लायब्ररीच्या खिडक्या उघडल्या. प्राचार्यांनी खिशातून सायकलबंदीची नोटीस काढली, तिचे चार तुकडे केले आणि उठून मामांचा हात हातात घेतला. आयुष्यभर मामांनी केलेल्या वस्तूंवर लोक बसले होते, झोपले होते, जेवले होते. टाळ्या आज पहिल्यांदा पडत होत्या.

दुपारी वर्कशॉपच्या दारात सहीसाहेब येऊन उभे राहिले. बगलेत कोरं करकरीत हेल्मेट.

"मिस्त्री, आमच्या दाराशीही एखादी..."

"अर्ज करा साहेब," मामा मान वर न करता म्हणाले. "तीन प्रतींत."

सहीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मामांनी हसत खण उघडला आणि आधीच करून ठेवलेली खुंटी त्यांच्या हातावर ठेवली.

सव्वापाचला मामा एका दाराची फळी तासत होते. उतारावर घंटा वाजली. "मामाऽऽ!" अशी आरोळी आली, आणि पोरगी पिवळं हेल्मेट मिरवत वाऱ्यासारखी समोरून गेली. मामांनी हसून मान हलवली. रंधा मात्र थांबला नाही.